अम्गरातला मुका टॉवर

१

ऑगस्टातल्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी कुवेतमधल्या अम्गरात कुत्रंसुद्धा फिरकत नाही. भंगाराच्या वखारींना कुलपं असतात, वर्कशॉपची शटरं खाली असतात आणि रस्त्यावरची वाळू तव्यासारखी तापलेली असते. म्हणूनच दुरुस्तीवरचा कंत्राटी कामगार तुकाराम परब मोबाईल टॉवरखालच्या केबिनमध्ये मरून पडला आहे हे जगाला कळायला शनिवारची सकाळ उजाडावी लागली. जनरेटरसाठी डिझेल घेऊन आलेल्या ड्रायव्हरला केबिनचं दार अर्धवट उघडं दिसलं. तुकाराम उंबऱ्यावर आडवा होता, एक हात बाहेरच्या वाळूत. आतला एसी बंद पडलेला आणि केबिनची भट्टी झालेली. त्याच्या मागे दोन जड बॅटऱ्या, तारा सोडवून दारापर्यंत ओढून आणलेल्या.

त्या बॅटऱ्यांनीच घात केला. बॅटरीतल्या शिशाला भंगारवाले हसतहसत गिऱ्हाईक होतात, आणि भंगारवाले तर भिंतीला भिंत लागून. रविवारी ऑफिस भरलं तेव्हा तुकाराम परब चोर ठरून मोकळा झाला होता.

सुजाता टिकेकरने त्याला कधी पाहिलंही नव्हतं. मोबाईल कंपनीच्या ज्या सॉफ्टवेअरवर देशभरातले टॉवर आपली दुखणी कळवतात, ती यंत्रणा नव्या इंजिनियरांना शिकवणं हे तिचं काम. एसी बंद पडला, वीज गेली, केबिनचं दार उघडलं, की टॉवर तसा अलार्म पाठवतो, नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर लाल ठिपका उमटतो आणि तिथून माणूस धाडला जातो. पंधराएक वर्षं ती हेच शिकवत आली होती. पहिल्या दिवशी ती पोरांना एकच गोष्ट बजावायची, की बाबांनो, पडदा म्हणजे नेटवर्क नव्हे. आपण यंत्रणेला जे सांगून ठेवलंय त्यातूनच ती आपल्याला बघू देते.

दुपारी विभागप्रमुख मुनिराने तिला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. मुनिरा कुवेती, बोलायला मोजकी.

"पोलीस म्हणतात चोरी. कंत्राटदार म्हणतो चोरी. आपली यंत्रणाही तेच म्हणते. त्या दुपारी टॉवर ठणठणीत होता, कोणाला पाठवलेलं नव्हतं. चौकशी मिटेपर्यंत प्रेत शवागारातून सुटणार नाही. मिटली तर चोर म्हणून घरी जाईल. सुजाता, तुला काय वाटतं?"



"मॅडम, दार उघडलं की अलार्म वाजायलाच हवा. चोराने उघडलं तरी आणि देवाने उघडलं तरी. हे दार शुक्रवारपासून शनिवारपर्यंत उघडं होतं आणि आपला पडदा हिरवागार. मला त्या चोरापेक्षा ह्या हिरव्या रंगाची जास्त धास्ती वाटते."

२

नियंत्रण कक्षाचा प्रमुख गुरुप्रसाद शेणई म्हणजे फणस. आत गरे आहेत का हे कोणी पाहिलेलं नव्हतं. मूळचा वेंगुर्ल्याचा, पण कंत्राटी माणसांशी बोलताना त्याच्या तोंडून गावचा एक शब्द निघायचा नाही. फोनवर "लगेच निघा, कारणं नकोत" एवढंच. त्या शुक्रवारी ड्यूटीवर तोच होता.

"पडद्यावर काही आलंच नाही," तो म्हणाला. "आलं असतं तर मी पाहिलं असतं."

"तुकारामला ओळखत होतास?"

"कंत्राटदाराची शेकडो माणसं आहेत, सुजाताताई. मी कोणाकोणाची तोंडं लक्षात ठेवू?" त्याने चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "आणि उन्हाने उलट्या होणाऱ्या माणसाने सुट्टीच्या दिवशी तिथे जावंच कशाला? नसती आफत."

सुजाताने मान डोलावली आणि शेजारच्या टेबलापाशी बसून यंत्रणेचं पोट उघडलं. पडद्यावर जे दिसतं ते सगळं गाळून आलेलं असतं. न गाळलेलं वेगळीकडे साठतं, आणि तिथे बघायची तसदी कोणी घेत नाही.

सगळं तिथे होतं. अम्गराचा टॉवर मुका नव्हताच. त्याने आधी केबिन तापल्याचा अलार्म पाठवला होता. मग दार उघडल्याचा. मग आणखी तापल्याचा, पुन्हा, पुन्हा. आत माणूस मरत असताना टॉवर बिचारा बोंबलत होता, आणि त्याची प्रत्येक हाक यंत्रणेने मुकाट्याने एका कप्प्यात टाकली होती. कप्प्याचं नाव 'नियोजित काम'.

टॉवरवर ठरवून दुरुस्ती चालू असली की त्याचे अलार्म पडद्यावर आणत नाहीत. माणसं तिथेच असतात, उगाच गोंगाट कशाला. इथवर ठीक. पण हे काम अम्गराचं नव्हतंच. सलवातल्या एका टॉवरचा एसी बदलण्याचं ते काम, आणि त्याच्या खाली कोणीतरी अम्गराचा टॉवर हळूच जोडून दिला होता. सलवा एका टोकाला समुद्राकाठी, अम्गरा दुसऱ्या टोकाला वाळवंटाच्या तोंडाशी. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

हा बदल कोणाच्या लॉगिनने झाला तेही लिहिलेलं होतं.

सुजाताने ते नाव पुन्हा एकदा वाचलं. क्षितिजा. तिनेच शिकवून तयार केलेली पोरगी.

३

"मी नाही केलं, मॅम." क्षितिजाचा चेहरा पांढराफटक पडला. सव्वीस-सत्तावीसची, पुण्याहून आलेली, अलार्मचे नियम सांभाळण्यात कक्षात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"लॉगिन तुझं आहे."

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही." आणि ती रडायला लागली.  काहीतरी लपवतेय हे उघड होतं. काय लपवतेय ते तिच्या रडण्यातून कळायला मार्ग नव्हता.

सुजाता तिला तशीच सोडून जलीबला, कामगारांच्या वस्तीत, गेली. कंत्राटदाराचा मुकादम दत्तप्रसाद आणि त्याची माणसं तिथे एका इमारतीत दाटीवाटीने राहत. जिन्यात सुक्या मासळीचा आणि साबणाचा मिसळलेला वास. तुकारामच्या खाटेवरची चादर कोणीतरी नीट घडी करून ठेवली होती. त्या खाटेवर कोणी बसलं नाही. सुजाताला बसायला बकालातून, खालच्या वाण्याच्या दुकानातून, आणलेला प्लास्टिकचा स्टूल दिला.

"चोर?" दत्तप्रसाद उसळला. "ताई, तो बसने गेलो! गाडी माझ्याकडे, चावी माझ्या खिशात. दोन माणसांका उचलूक जड जातत असल्यो बॅटऱ्यो बसमधून कोण चोरता? केबिन तापली की बॅटऱ्या फुगतत, फुटतत, आग लागता. तो त्यांका बाजूक ओढी होतो. टॉवर वाचवूक गेलो आणि तुमच्या ऑफिसान तेका चोर केल्यान."

"तुम्ही पाठवलं होतं?"

"सुट्टीच्या दिवशी? मी? ताई, उलट आमका तर हायसा वाटला होता. त्या एसीचो पार्ट कधीपासून मागतंय, मिळणा नाय. रोज दुपारी अलार्म, रोज दुपारी फोन, रोज ह्या उन्हात तुकाराम. आणि मध्येच फोन येवचे बंद झाले. मी म्हटलं, देव पावलो, कोणीतरी एसी दुरुस्त केल्यान. तुकारामाक म्हटलं, आता दुपारचो जाव नको. तो म्हणालो, दुरुस्त केल्यान कोणी? मी म्हटलं, तुका काय करूचा आसा?"

"त्याला ऊन सोसत नव्हतं?"

दत्तप्रसादने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दोनदा उलट्या झाल्यो, टॉवरवरच. पण कोणाक सांगूक देईना. मेडिकलात नापास केल्यानी तर इकामा रद्द, हय रवाचो परवानोच गेलो, घरी पाठवतले म्हणान. मी आणि तो, आणखी कोणाक म्हायत नाय. ह्या रूपेशाक पण आता कळता हा."

खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्या रूपेशने मान वर केली. तो तुकारामचा खोलीतला सोबती. "माका नाय सांगल्यान," तो हळूच म्हणाला.

"जाताना काही बोलला तो?"

"शुक्रवारी जेवण टाकून उठलो. म्हणालो, 'पोर गप झालो रे. माका बरा वाटणा नाय. बघून येतंय.' माका वाटला, गावचो झील आजारी बिजारी आसतलो. फोन करूक बाहेर जाता. परत येवकच नाय."

सुजाताने ते ऐकलं, पण त्यातला अर्थ तिला तेव्हा लागला नाही. गाडीत बसल्यावर तिच्या डोक्यात वेगळंच काही ठसठसत होतं. उलट्यांची गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती, आणि त्यातला एक मेला होता. मग ती तिला ह्या खोलीत येण्याआधीच दुसऱ्या कोणीतरी कशी सांगितली?

४

सुजाता राहायची सलवात. घरी आल्यावर ती गॅलरीत उभी राहिली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर तो टॉवर होता, ज्याच्या कामाच्या पांघरुणाखाली अम्गराचा टॉवर झाकला गेला होता. गच्चीवर माणूस नाही, शिडी नाही.

"अक्षरा, इथे एसीचं काम चाललं होतं ना गं?"

मुलीने फोनमधून डोकं वर काढलं नाही. "आई, दे फिनिश्ड दॅट एजेस अगो."

म्हणजे काम संपूनही ते यंत्रणेत कोणीतरी जाणूनबुजून उघडं ठेवलं होतं. सुजाताने लॅपटॉप उघडला आणि ज्या गोष्टीकडे आधी तिचं दुर्लक्ष झालं होतं ती पुन्हा वाचली. अम्गराचे अलार्म दिवसभर झाकलेले नव्हतेच. सकाळी उघडे, संध्याकाळी उघडे. झाकलेले होते फक्त दुपारचे. उन्हाळ्यात ज्या तासांत उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते, बरोब्बर तेवढेच तास. पण दुपारी एकदा कप्प्यात पडलेला अलार्म संध्याकाळी आपोआप बाहेर येत नाही, तिथेच पडून राहतो.

 आळशी माणूस कटकट करणारा अलार्म कायमचा बंद करतो. चोराचा साथीदार एका दिवसापुरता करतो. दुपार, रोजची दुपार, तेवढीच कोण झाकतं? ज्याला त्या दुपारी कोणी उन्हात जाऊ नये असं वाटतं तो.

आणि तेव्हा रूपेशचे शब्द तिच्या कानात नव्याने वाजले. पोर गप झालो. गावाकडचं पोर नव्हे! रोज दुपारी रडून जीव खाणारा टॉवर, ज्याच्यासाठी तुकाराम रोज धावत होता, तो अचानक गप्प झाला होता. एसीचा पार्ट आलेला नाही, दुरुस्ती कोणी केलेली नाही, हे सगळ्यांत चांगलं त्यालाच ठाऊक. मग हा गप्प का? रडणारं मूल एकाएकी शांत झालं की आईच्या काळजात धस्स होतं, तसं त्याचं झालं. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पायांनी, बस धरून तो बघायला गेला.

सुजाताने लॅपटॉप मिटला. तिला वाटलं, हे इथंच सोडून द्यावं. कोडं सुटल्याचा आनंद होण्याऐवजी तिला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने क्षितिजाला कॅन्टीनमध्ये गाठलं. "हा बदल झाला तेव्हा तू बहिणीच्या लग्नाला नाशिकला होतीस. पहिल्याच प्रश्नाला तू हे सांगू शकली असतीस. का नाही सांगितलंस?"

क्षितिजाने खाली पाहिलं. "कारण मग विचारलं असतं, लॉगिन कोणी वापरलं. मी जाताना सगळ्या शिफ्टला पासवर्ड देऊन गेले होते, मॅम. काही अडलं तर असावा म्हणून. तुम्हीच शिकवलं होतं, लॉगिन म्हणजे माणूस नव्हे, ते आपलं आपण सांभाळायचं. मला तुमच्यासमोर लाज वाटली."

"सगळ्या शिफ्टला?"

"हो. शेणईसरांनासुद्धा."

५

गुरुप्रसाद आपल्या जागेवर होता. सुजाता खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"दत्तप्रसादच्या माणसांबरोबर तू कधी अम्गराला गेला होतास, गुरू?"

"मी? छे. माझं काम इथे."

"मग तुकारामला उन्हाने उलट्या होतात हे तुला कुठून कळलं? त्याने ते जिवापाड लपवलं होतं. एका खोलीत राहणाऱ्याला पत्ता नव्हता. तू मला त्या दिवशी सहज बोलून गेलास."

कक्षात बाकीची माणसं पडद्यांत बुडालेली होती. गुरुप्रसादने उठून काचेचं दार लावलं, परत येऊन बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. बोलला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"जूनमध्ये गेलो होतो. रोज तोच अलार्म, म्हणून संतापून गेलो. म्हटलं, ही माणसं कामचुकारपणा करतात, जाऊन पकडतो. लांब रस्त्यावरच गाडी लावली, कोणाला कळू नये म्हणून. पाहिलं तर हा केबिनच्या वीतभर सावलीत गुडघ्यावर बसून ओकत होता. ओकला, तोंड धुतलं आणि पुन्हा आत गेला. मी काचही खाली केली नाही. तसाच परत आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी अलार्म आला आणि मीच फोन करून ओरडलो, लगेच निघा. रोज ओरडायचो, ताई. अलार्म पडद्यावर आला की पाठवावंच लागतं. मग एक दिवस वाटलं, तो पडद्यावर आलाच नाही तर?"

"पार्ट येईपर्यंत दुपारी माणूस पाठवणार नाही, असं मुनिरा मॅडमना सांगायचं."

"सांगितलं असतं तर चार बैठका झाल्या असत्या. सलवाचं काम उघडं होतं, क्षितिजाचा पासवर्ड होता. म्हटलं, संध्याकाळी ऊन उतरलं की अलार्म आपोआप दिसेल, तेव्हा जातील बिचारे. दुपारी घटकाभर टॉवर तापला तर तापला. माणूस तर तापणार नाही." तो हसल्यासारखं काहीतरी करायला गेला आणि ते त्याला जमलं नाही. "दाराचा अलार्मही त्याच कप्प्यात जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुपारी तिथे कोणी जाणारच नाही, तर दार उघडेल कोण?"

"दार उघडलेलं दिसलं असतं तर काय केलं असतंस?"

"आत गेलेल्याला फोन करतो. उचलला नाही तर जवळची गाडी पाठवतो. नेहमीचंच आहे." त्याने समोरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "मी इथेच होतो. ह्याच खुर्चीत. पडदा हिरवा होता आणि मला बरं वाटत होतं."

सुजाताला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. तिने ठेवला नाही.

"चूक झाली ती कळवळ्यापोटी झाली, ते मी समजू शकते, गुरू. पण रविवारी सगळं ऑफिस त्या माणसाला चोर म्हणत होतं. तुला तेव्हा सगळं ठाऊक होतं. तू गप्प बसलास."

 तो नुसता मान हलवत राहिला.

६

मुनिराने सगळं ऐकून घेतलं आणि पोलिसांना कळवलं. दुसरा मार्ग नव्हता. चोरीचा संशय पुसला गेला, प्रेत गावी न्यायची परवानगी मिळाली, दत्तप्रसाद सोबत जाणार होता. क्षितिजाला लेखी समज मिळाली. गुरुप्रसादचा पासपोर्ट पोलिसांनी ठेवून घेतला; त्याचं पुढे काय होईल हे कोणालाच सांगता येईना. तरी ऑफिस सोडण्याआधी त्याने एक मागणं केलं. तुकारामच्या बायकोला हे कळवताना मला तिथे असू द्या.

म्हणून त्या सकाळी मुनिराच्या केबिनमध्ये फोन स्पीकरवर ठेवला होता. मुनिरा खिडकीपाशी उभी. भाषा कळत नसली तरी तिने नजर खाली वळवली होती. सुजाताने तुकारामच्या बायकोला, मुक्ताला, सगळं सांगितलं, घाई न करता, काही न वगळता.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मुक्ता रडत नव्हती. रडून झालं असावं.

"म्हणजे ते चोरी करूक गेल्ले नाय," ती म्हणाली.

"नाही, मुक्ताताई. टॉवर वाचवायला गेले होते."

"तां माका ठाऊकच होता. तुमका कळला, बरा झाला. हय गावात पण लोक बोलूक लागले होते." मग थोडं थांबून, "तो माणूस खय आसा? ज्येना बंद केल्यान?"

सुजाताने गुरुप्रसादकडे पाहिलं. तो पुढे सरकला. इतक्या वर्षांत ऑफिसात कोणी त्याच्या तोंडून न ऐकलेली बोली त्याच्या घशातून कशीबशी बाहेर आली.

"मी हयच आसंय, वैनी. माझा चुकला. तेंका ऊन लागू नये म्हणान केलंय मी."

"व्हय. ताईंनी सांगल्यानी."

 फोन कट झाला असं सुजाताला वाटलं. तेवढ्यात मुक्ताचा आवाज आला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"पण मग तुमी तेंका सांगलात कित्याक नाय? एक फोन करूचो होतो. 'तुकाराम, मी बंद केलंय, तू जाव नको.' इतक्याच. तेंणी ऐकला आसता हो. तुमचा तर ते सगळाच ऐकत."

गुरुप्रसादचं तोंड उघडलं.  तो टेबलाची कड धरून उभा राहिला, आणि पलीकडे मुक्ता उत्तराची वाट बघत थांबली होती, खरंच त्याला काही कारण असेल, आणि ते ऐकून घ्यावं, अशा शांतपणे थांबली होती.